बिब्बा उतला म्हणजे काय झालं?

चिकुनगुन्याची साथ आली ते २००६ साल. आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात गावंच्या गावं तापानं फणफणली होती. ताप चार-पाच दिवसांत उतरायचा, पण सांधे महिनोन्‌महिने धरून राहायचे. लातूर जिल्ह्यात अहमदपूर तालुक्यातल्या एका गावात माझ्या आत्याचं सासर. त्या तापानंतर तिचे गुडघे जे आखडले, ते दिवाळी आली तरी सुटेनात. चुलीपुढून उठायचं तर भिंतीचा आधार लागे. गोळ्या खाऊन पोटात आग पडते म्हणून तिनं त्या परस्पर बंद केल्या होत्या. मग शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, "बिब्ब्याचे चटके दे. दोन दिसांत पाय मोकळे होतेत बघ."

बिब्ब्याला दाभण टोचून तो दिव्याच्या ज्योतीवर धरला. काळं तेल बुडबुडून बाहेर आलं. गुडघ्याभोवती त्याचे ठिपके दिले. त्या रात्री आत्या बऱ्याच दिवसांनी शांत झोपली. तिसऱ्या दिवशी मात्र मांडीपासून नडगीपर्यंत पाय सुजला, पाण्यानं भरलेले फोड आले, खाज थांबेना, आणि डोळ्यांच्या पापण्याही फुगल्या. म्हातारी म्हणाली, "बिब्बा उतला. तुला मानवला नाही गं माय."

दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कशानं भाजलं? आत्यानं सांगितलं, गरम पाणी सांडलं. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला, तर तर्जनीच्या टोकाला काळा डाग. ते एवढंच म्हणाले, "आत्याबाई, पाण्याचा डाग काळा पडत नाही."

ही गोष्ट घरात पुढे हसत सांगितली जायची. पण 'उतला' आणि 'मानवला नाही' हे दोन शब्द माझ्या मनात राहिले. दोन्ही शब्दांत दोष औषधाचा नाही, तो आजारी माणसाच्या अंगाचा. बिब्बा चांगलाच, तुझं शरीर वाकडं. हे खरं आहे का, ते पाहण्यासाठी या फळात नेमकं काय असतं, तिथून सुरुवात करायला हवी.

दारावरचा आणि बटव्यातला

मराठी घराला बिब्बा नवा नाही. दारावर लिंबू-मिरचीच्या जोडीला तो टांगलेला असतो. दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्या बाळाला त्याचा ठिपका लावतात. टाचेच्या भेगांत आणि काट्यानं झालेल्या कुरुपात त्याचं तेल भरतात. कुणाच्या चांगल्या कामात मोडता घातला, तर 'बिब्बा घातला' म्हणतात. या वाक्प्रचारातच फळाचा स्वभाव आला आहे. जिथे पडेल तिथे ते बिघडवतं, हे आपल्या भाषेला पूर्वीपासून माहीत आहे.

नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या सागवानी जंगलात बिब्ब्याची झाडं आहेत. गोंड, कोलाम, आंध या समाजांची ही वस्ती. झाड मध्यम उंचीचं, पानं मोठी आणि जाड. फळाची रचना काजूसारखी असते. वर नारिंगी, गरदार फुगलेला देठ आणि त्याच्या टोकाला काळं, चकचकीत, हृदयाच्या आकाराचं बोंड. देठाचा गर खातात. बोंड फोडून आतून निघते ती गोडंबी. दिवाळीनंतरच्या थंडीत डिंकाच्या लाडवांत पडणारी गोडंबी ती हीच. ती खायला चांगली असते, कारण दाहक तेल बीजात नसतं. ते असतं बोंडाच्या जाड कवचात, मधमाशीच्या पोळ्यासारख्या बारीक कप्प्यांत. म्हणूनच गोडंबी खाणारा सुखात असतो आणि बिब्बे फोडणाऱ्या बायकांच्या हातांची सालं निघतात. एकाच फळात अन्न आणि आग शेजारी-शेजारी नांदतात.

वनस्पतिशास्त्रात या झाडाचं नाव सेमेकार्पस ॲनाकार्डियम. कुळ आंब्याचं आणि काजूचं. अमेरिकेतली कुप्रसिद्ध विषारी वेल 'पॉयझन आयव्ही' आणि जपानमध्ये ज्याच्या चिकापासून लाखेसारखी चकाकी देणारं रोगण करतात ते झाड, ही सगळी याच कुळातली भावंडं. कच्च्या कैरीचा चीक ओठाला लागून फोड आल्याचा अनुभव अनेकांना असेल. तो या कुळाचाच सौम्य प्रसाद.

काळ्या तेलाचं रसायन

बिब्ब्याच्या तेलातल्या दाहक घटकांना 'भिलावनॉल' म्हणतात. भिलावा या नावावरूनच हे नाव घेतलं आहे. त्याच्या रेणूचे दोन भाग असतात. एक डोकं आणि एक लांब शेपटी. डोकं कॅटेकॉल नावाच्या रसायनाचं. शेपटी पंधरा कार्बन अणूंची, तेलकट. आपल्या त्वचेचा वरचा थरही स्निग्ध असल्यामुळे ही शेपटी रेणूला सहज आत घेऊन जाते. आत गेल्यावर कॅटेकॉलचं ऑक्सिडीकरण होतं आणि ते त्वचेच्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. हवेतही हेच ऑक्सिडीकरण होतं, म्हणून तपकिरी तेल काळं पडतं आणि डाग धुऊनही निघत नाही. परीट कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरत ते याच गुणामुळे. इंग्रजीत त्याला 'खुणेचं फळ' अशा अर्थाचं नाव पडलं, तेही त्यावरूनच.

तेल चिकटलेलं प्रथिन शरीराला परकं वाटतं. आपल्या प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी ते ओळखून ठेवतात. पहिल्या भेटीत बहुधा एवढंच घडतं. पुढच्या वेळी तेच तेल लागलं की या पेशी त्या जागी धावून येतात आणि स्वतःच्याच त्वचेवर हल्ला चढवतात. या तयारीला एक-दोन दिवस लागतात. म्हणूनच बिब्बा लावल्या दिवशी उतत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उततो. आणि दोन्हींचा संबंध माणसाच्या लक्षात येत नाही. 'परवा लावला तेव्हा काही झालं नाही, आज कसं होईल?' असं तो म्हणतो. तेल जास्त आणि जहाल असेल, तर पहिल्याच वेळी थेट भाजतंही. तिथे प्रतिकारशक्तीची वाट पाहावी लागत नाही.

आता 'मानवणे' या शब्दाकडे पाहू. कुणाच्या टी-पेशींनी हे तेल ओळखून ठेवलं आहे, हे बाहेरून कळत नाही. बाळपणी लावलेला ठिपका, आईनं टाचेत भरलेलं तेल, अशा कितीतरी भेटी आपल्या विस्मरणात गेलेल्या असतात. पण त्वचा त्या विसरत नाही. मागच्या वेळी मानवला तो या वेळीही मानवेल, याची काहीच हमी नाही. उलट दर वेळी लावणं म्हणजे पुढच्या हल्ल्याची एक तालीम असते.

हा अनुभव फक्त आपल्याच गावांचा नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर, कमरेवर अचानक पुरळ उठू लागलं. डॉक्टर चक्रावले. तपास केला तेव्हा कळलं, की जिथे पुरळ तिथेच कपड्यावर परटाची बिब्ब्याची खूण टेकत होती. १९४३ साली त्या डॉक्टरांनी अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात यावर लेख लिहिला. धुऊन, वाळून, इस्त्री झालेल्या कपड्यावरचा एक ठिपका एवढं करत असेल, तर गुडघ्यावर गरम ठिपके देऊन काय होईल याचा अंदाज यावा.

भारतातल्या न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत बिब्बा आणखी एका कारणासाठी येतो. कुणावर मारहाणीचा खोटा आळ घ्यायचा, तर अंगाला बिब्बा चोळून काळानिळा वळ उठवायचा, ही जुनी युक्ती. खरा वळ आणि बिब्ब्याचा वळ ओळखायचा कसा, हे विद्यार्थ्यांना शिकवतात. बिब्ब्याच्या वळाला खाज असते, कडेला बारीक फोड असतात आणि लावणाऱ्याच्या बोटांवर, नखांतही त्याच्या खुणा सापडतात. आत्याच्या डॉक्टरांना तो धडा चांगला आठवत असावा.

मग आराम कसा पडतो?

आत्या त्या रात्री शांत झोपली, हे खोटं नव्हतं. हजारो लोकांना बिब्ब्यानं बरं वाटतं, हेही खोटं नाही. त्याची कारणं समजून घेतल्याशिवाय 'अडाणीपणा' म्हणून मोकळं होणं हा आपलाच उद्दामपणा ठरेल.

पहिलं कारण मज्जासंस्थेत आहे. डोकं ठणकत असताना आपण कपाळ दाबतो, कोपर आपटलं की चोळतो. त्वचेवरची दुसरी जोरदार संवेदना खोलवरच्या वेदनेची वाट अडवते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली याचा सिद्धांत मांडला. मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर पाठीच्या कण्यात जणू एक फाटक आहे, असं त्यांनी म्हटलं. बिब्ब्याचा चटका हे फाटक काही वेळ लोटतो. दुखणं कमी झालेलं नसतं, त्याची वर्दी पोचत नसते. डागणं, मोहरीचा लेप, मिरचीतल्या दाहक द्रव्याची आजची मलमं, सगळ्यांची जात हीच. फरक इतकाच, की मलमातल्या द्रव्याचं प्रमाण मोजलेलं असतं आणि लावणं थांबवलं की त्याची आग ओसरते. बिब्ब्याची तेव्हा कुठे सुरू होते.

दुसरं कारण दुखण्याच्या स्वभावात आहे. सांधेदुखी चढते आणि उतरते. माणूस उपाय शोधतो तो दुखणं अगदी टोकाला गेल्यावर. टोकानंतर उतार येणारच असतो. तो उतार शेवटच्या उपायाच्या खात्यावर जमा होतो. चिकुनगुन्याची सांधेदुखी तर बहुतेकांची काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरते. त्या वर्षी गावोगावी ज्या-ज्या पाल्याला, तेलाला, चटक्याला यश आलं, त्यात काळाचा वाटा मोठा होता.

पण सगळी सांधेदुखी अशी नसते. वयानं झिजलेला गुडघा वेगळा, युरिक आम्लानं लाल झालेला अंगठा वेगळा, आणि आमवातानं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवातानं, सकाळी तास-तास आखडणारी बोटं वेगळी. आमवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करतं. सुरुवातीच्या महिन्यांत योग्य औषध मिळालं, तर सांधे वाचतात. ते महिने चटक्यांत गेले, तर बोटं वाकडी होतात ती कायमची. बिब्ब्याचं सर्वांत मोठं नुकसान फोडांत नसून या वाया गेलेल्या वेळेत असतं.

ग्रंथातला भल्लातक

'पण बिब्बा तर आयुर्वेदात सांगितलाय', असं उत्तर नेहमी मिळतं. ते खरं आहे, पण अर्धंच. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, अगदी पहिल्याच अध्यायात, भल्लातकाचे दहा प्रयोग येतात. तिथेच हेही स्पष्ट सांगितलं आहे, की भल्लातक तीक्ष्ण आहे, अग्नीसारखा आहे, आणि विधिपूर्वक वापरला तरच अमृतासारखा होतो. सगळा भार 'विधिपूर्वक' या शब्दावर आहे.

तो विधी पाहिला, की घरगुती प्रयोग त्यापासून किती दूर आहे ते कळतं. फळ निर्दोष हवं, रसानं भरलेलं, पिकल्या जांभळाच्या रंगाचं. ते जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने ठेवायचं. वापरायचं मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे थंडीत. त्याआधी थंड, स्निग्ध आणि मधुर पदार्थांनी शरीर तयार करायचं. ठेचलेली फळं आठपट पाण्यात उकळून आटवायची, गाळून दुधासोबत घ्यायची. घेण्यापूर्वी तोंडाला आतून तूप लावायचं. मात्रा क्रमाक्रमानं वाढवायची आणि उतरवायची. पुढच्या काळातल्या औषधनिर्माणात शोधनाची रीत आली. बिब्ब्याचं टोक कापून तो विटेच्या भुकटीत ठेवायचा, घासायचा, तेल विटेत उतरवायचं, मग गरम पाण्यानं धुवायचा. पित्तप्रकृतीच्या माणसाला, गरोदर बाईला, लहान मुलाला आणि उन्हाळ्यात तो वर्ज्य. भल्लातकाचं एक संस्कृत नाव 'अरुष्कर' आहे, म्हणजे व्रण करणारा. प्राचीन वैद्यांना या फळाबद्दल कसलाही गोड गैरसमज नव्हता.

आजचा कायदाही तेच म्हणतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची 'ई-१' मध्ये आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी पद्धतींतल्या विषारी द्रव्यांची यादी आहे. त्यात भल्लातक आहे. धोतरा, बचनाग, कुचला, गुंज, कण्हेर आणि कळलावी हे त्याचे शेजारी. पोटात घेण्याच्या औषधात यांतलं काही असेल, तर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. कारखान्यात शुद्ध केलेल्या, मोजून घातलेल्या भल्लातकाला ही सूचना लागते. आठवडी बाजारात मिळणाऱ्या बिब्ब्याला वेष्टनच नसतं.

बिब्ब्यात औषधी गुण नाहीतच, असंही म्हणता येत नाही. मद्रास विद्यापीठातल्या संशोधकांनी सिद्ध पद्धतीनं दुधात तयार केलेला बिब्ब्याचा अर्क सांधे सुजवलेल्या उंदरांना दिला, आणि सूज कमी झाल्याचं नोंदवलं. पण उंदरावरून माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे. शिवाय तो अर्क पोटात द्यायचा होता, संस्कार केलेला होता, मोजलेला होता. त्या प्रयोगाच्या आधारावर गुडघ्याला कच्चा बिब्बा लावणं, म्हणजे बचनागाचं औषध मिळतं म्हणून बचनाग चावून खाण्यासारखं आहे.

पोटात गेला तर

आमच्याकडे खोकल्यावर, दम्यावर आणि अंगदुखीवर तापवलेल्या बिब्ब्याचं तेल दुधात टिपकवून देतात. थेंब मोजतात, पण एका थेंबात किती भिलावनॉल आहे हे कुणाला माहीत? फळ ताजं की जुनं, ज्योत मोठी की लहान, यावर ते बदलतं. तोंड येणं, घशाला आणि गुदद्वाराला जळजळ, अंगभर पुरळ हे सौम्य परिणाम. गंभीर परिणाम मूत्रपिंडांवर होतो. बिब्ब्याच्या संपर्कानंतर मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरातल्या पेशी मरून गेल्याची नोंद वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९७९ साली प्रसिद्ध केली. हा थर एकदा गेला, की बहुधा पुरता परत येत नाही.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचा विचार करा. वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेऊन मूत्रपिंडं आधीच थकलेली. त्यातच मधुमेह. मधुमेहानं पाय बधिर झालेला असेल, तर चटका किती खोल गेला हे त्याला कळतही नाही. फोड फुटतो, चिघळतो, आणि गुडघ्याच्या दुखण्यासाठी गेलेला माणूस पाय वाचवण्यासाठी भरती होतो.

उतला तर काय करावं

बिब्बा लागल्याचं लक्षात येताच साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा. पहिली दहा-पंधरा मिनिटं सर्वांत मोलाची. नखं कापा, नखांखालचं तेल काढा, नाहीतर तेच बोट डोळ्याला जातं. कपडे, टॉवेल वेगळे धुवा. खोबरेल लावायची रीत आहे. त्यानं पुढे त्वचेला थंडावा मिळेलही, पण धुण्याआधी तेल लावलं तर बिब्ब्याचं तेल त्यात विरघळून पसरतं. म्हणून आधी साबण. फोड फोडू नका. फोडांतल्या पाण्यानं पुरळ पसरतं ही समजूत चुकीची आहे, पण फुटलेल्या फोडात जंतू शिरतात. बिब्बे चुलीत जाळू नका, त्याच्या धुरानंही चेहरा सुजतो.

चेहरा किंवा डोळे सुजले, श्वास लागला, ताप आला, फोडांत पू झाला, लघवी कमी झाली किंवा लाल-काळी झाली, तर घरी थांबू नका. आणि कशानं झालं ते खरं सांगा.

ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. आत्या खोटं का बोलली? बिब्ब्याची लाज नव्हती, बोलणी खायची भीती होती. आपल्या भागात वनौषधींवरचा विश्वास जुना आणि खोल आहे. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथजवळच्या संजीवनी बेटावर उत्तरा नक्षत्रात औषधी वनस्पतींच्या ओढीनं माणसं येतात. ज्या गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा येत असे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या झाडपाल्यानंच माणसाला सोबत केली. तो विश्वास दवाखान्याच्या दारात कुणी तुसडेपणानं उडवून लावला, की माणूस पुढच्या वेळी उपाय बदलत नाही, फक्त लपवतो. आणि लपवलेला उपाय डॉक्टरला तपासात सापडत नाही. लघवी का थांबली, हे शोधण्यात जो दिवस जातो, तोच कधीकधी हातातला शेवटचा दिवस असतो.

नांदेडला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे. ज्याला आयुर्वेदाचंच औषध घ्यायचं आहे, त्यानं शिकलेल्या वैद्याकडे जावं, आणि 'यात भल्लातक आहे का?' हे विचारावं. ज्याला गोळ्यांनी पोटात आग पडते, त्यानं गोळ्या परस्पर बंद न करता तसं डॉक्टरांना सांगावं. दुसरी गोळी असते, कमी मात्रा असते, व्यायाम असतो, शेक असतो. आणि डॉक्टरांनीही विचारताना 'काय गावठी उद्योग केलात?' असं न म्हणता, 'घरी आधी काय काय करून पाहिलंत?' असं विचारावं. दोन्ही प्रश्न एकच, पण उत्तरं वेगवेगळी येतात.

आत्याचा पाय बरा व्हायला दीड महिना लागला. गुडघ्याभोवतीचे गोल, फिक्कट डाग अजून आहेत. गुडघे पुढे सुटले, पण बिब्ब्यानं नाही, हळूहळू, आपसूक. गेल्या वर्षी शेजारणीच्या सुनेची टाच फुटली, तेव्हा कुणीतरी बिब्बा आणला. आत्यानं तो हातात घेतला आणि दारावरच्या लिंबू-मिरचीत ओवून टाकला. म्हणाली, "ह्याची जागा हितंच. दृष्ट लागू नाही म्हणून असू दे. अंगाला नको."